परीक्षा आणि पारख

शिक्षणाच्या क्षेत्रांत 'न्याय' या शब्दाचा जितका दुरुपयोग झाला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा क्वचितच झाला असेल. सर्वांस एकाच दिवशीं, एकाच वेळीं, एकच प्रश्नपत्रिका दिली कीं न्याय झाला असें समजून आपला समाज निश्चिंत होतो. पहिल्याच प्रश्नाला जो अडतो आणि शेवटचा प्रश्नही ज्यास पोरखेळ वाटतो, त्या दोघांच्या पदरांत त्या प्रश्नपत्रिकेनें काय टाकलें, हें विचारण्याची कोणास गरज भासत नाहीं. एकावर 'नापास' असा शिक्का बसतो, दुसऱ्यास शेकडा ब्याण्णव गुण मिळतात. पहिल्यास आपण कोठें चुकलों हें कळत नाहीं. दुसऱ्यास पुढें काय शिकावयाचें तें कळत नाहीं. परीक्षा झाली; पारख मात्र कोणाचीच झाली नाहीं.

सांप्रत संगणकाच्या द्वारें घेतली जाणारी एक नवी चांचणी आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या दाराशीं येऊन उभी आहे. इंग्रजींत तिला 'अॅडॅप्टिव्ह' म्हणतात. या लेखापुरतें आम्ही तिला 'उत्तरानुसारी' म्हणूं, कारण विद्यार्थ्यानें दिलेल्या उत्तरास अनुसरून ती पुढचा प्रश्न निवडते. आमच्या व्यवसायबंधूंपैकीं कित्येकांस ती थोतांड वाटते, विक्रेत्यांस ती कामधेनु वाटते, आणि पालकांस ती गुण वाढविणारी आणखी एक शिकवणी वाटते. या तिन्ही पक्षांशीं आमचें भांडण आहे. आमचा सिद्धांत थोडक्यांत असा: विषय पक्का करून घेण्यास ही चांचणी हें फार मोलाचें साधन आहे, परंतु तिला गुणांची कीड लागली नाहीं तोंवरच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकावर घेतलेली प्रत्येक परीक्षा उत्तरानुसारी नसते. व्यवसाय-शिक्षणाच्या प्रवेशासाठीं आपल्या राज्यांत होणारी सीईटी संगणकावर होते, म्हणून ती या जातीची ठरत नाहीं. २०२० सालीं महामारीच्या काळांत महाराष्ट्रांतील विद्यापीठांनीं अंतिम वर्षाच्या परीक्षा घरबसल्या, पर्यायी उत्तरांच्या प्रश्नांनीं घेतल्या. त्याही या जातीच्या नव्हत्या. कागद गेला आणि पडदा आला, एवढाच तो फरक. त्या वर्षाच्या अनुभवावरून जे या चांचणीस नांवें ठेवतात ते बैलगाडीच्या खड्ड्यांवरून आगगाडीची परीक्षा करतात. खरी उत्तरानुसारी चांचणी पाहावयाची तर अमेरिकेंत उच्चशिक्षणासाठीं जाणारीं आपलीं मुलें जी जीआरई देतात ती पाहावी. तींत पहिल्या भागांतील उत्तरें पाहून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. अर्थात् ती परीक्षा मोजण्यासाठीं आहे, शिकविण्यासाठीं नव्हे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां ही चांचणी शिकविते कशी तें एका उदाहरणानें पाहूं. करवीर तालुक्यांतील उचगांव हें गांव घ्या. एका बाजूस कोल्हापूर शहर, शेजारीं गांधीनगरची कापडपेठ, जवळूनच जाणारा पुणें-बंगळूर महामार्ग. येथील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास शेजारच्या पेठेंतलाच प्रश्न विचारला: एक हजार रुपयांच्या साडीची किंमत व्यापाऱ्यानें शेकडा २० नें वाढविली आणि मग वाढलेल्या किंमतीवर शेकडा २० सूट दिली, तर गिऱ्हाइकास किती रुपये द्यावे लागतील? उत्तर ९६०. आतां तीन विद्यार्थी तीन चुकीचीं उत्तरें देतात. एक म्हणतो १०००, दुसरा म्हणतो ११८०, तिसरा म्हणतो २४०. आपल्या नेहमींच्या परीक्षेंत या तिघांसही शून्य, आणि तें शून्य तिघांचेंही सारखेंच. पण हे तीन रोग निराळे आहेत! पहिल्यास शेकडेवारी येते, परंतु ती कशाची शेकडेवारी, म्हणजे पाया बदलला, हें त्याच्या लक्षांत आलेलें नाहीं. दुसऱ्यानें सूट काढतांना शेकडा वीस म्हणजे वीस रुपये असेंच धरलें. त्यास शेकडा या कल्पनेचाच बोध नाहीं. तिसऱ्याचें गणित बिनचूक आहे. त्यानें सूट काढली आणि प्रश्न पुरता न वाचतांच तो थांबला. तिघांस एकच औषध देणारा वैद्य आपण दारांत उभा करणार नाहीं. मग तिघांस एकच शून्य देणारा परीक्षक आपणांस चालतो कसा?

उत्तरानुसारी चांचणी येथें वेगळी वागते. पहिल्यास ती विचारते: हजाराचे शेकडा वीस किती, आणि बाराशांचे किती? २०० आणि २४० हीं दोन उत्तरें शेजारींशेजारीं पडलीं कीं बहुधा त्याचा त्यालाच उलगडा होतो, आणि चांचणी त्यास मूळ प्रश्नाकडे परत आणते. दुसऱ्यास ती आणखी खालीं नेते: शंभरांतले वीस, पन्नासांतले किती? तेथेंही तो अडला तर अपूर्णांकांवर, दशांशांवर. पूर्णांक पाच दशांश मोठा कीं पूर्णांक पस्तीस शतांश मोठा, असें विचारलें असतां 'पांचापेक्षां पस्तीस मोठे' म्हणून पस्तीस शतांशाकडे बोट दाखविणारे विद्यार्थी महाविद्यालयांतही सांपडतात. त्यांची तूट पांचवी-सहावीच्या वर्गांतील आहे, आणि आम्ही त्यांस संख्याशास्त्राचीं सूत्रें फळ्यावर लिहून देत असतों! तळ न भरतां माळे चढविण्याचा हा उद्योग आहे. तिसऱ्यास मात्र ही चांचणी खालीं नेत नाहीं. प्रश्न सावकाश वाचावयास लावणारीं दोन उदाहरणें देऊन त्यास पुढें सोडते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलें तरी चारांत एकदां नेम लागतो, हें चांचणी रचणारासही ठाऊक असतें. म्हणून तीच कल्पना ती दोन-तीन वेषांत विचारते, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां विचारते.

ही युक्ति परकी आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं कोल्हापुरांतील कोणत्याही तालमींत जाऊन यावें. नव्या पोरास वस्ताद पहिल्या दिवशीं नामांकित पैलवानापुढें उभा करीत नाहीं; तसेंच रोज त्याच त्या दुबळ्या गड्यास चीत करून मिशा पिळण्याचीही त्यास मुभा देत नाहीं. त्याची जोड तो अशी लावतो कीं समोरचा किंचित् वरचढ असावा. पोर पडतो तेव्हां 'तूं हरलास' एवढेंच वस्ताद सांगत नाहीं. 'पाय उशिरा काढलास' असें सांगतो, आणि तोच डाव पुन्हां करून घेतो. मैदानांतील कुस्ती ही परीक्षा, तालमींतील जोर ही पारख. आपल्या शिक्षणांत मैदानें ठायीं ठायीं आहेत. तालीम मात्र ओस पडली आहे. उत्तरानुसारी चांचणी ही तालीम आहे, मैदान नव्हे, एवढेंच आमचें सांगणें आहे.

विचाराचें हें बीज जुनेंच आहे. फ्रान्समधील आल्फ्रेद बिने यानें १९०५ सालीं मुलांच्या बुद्धीची जी चांचणी रचली तींत परीक्षक मुलाचीं उत्तरें पाहून सोपे किंवा कठीण प्रश्न निवडीत असे. संगणकाचें नांवही तेव्हां नव्हतें. अमेरिकेंतील बेंजामिन ब्लूम यानें १९६८ सालीं पूर्ण प्रभुत्व येईपर्यंत शिकविण्याची कल्पना मांडली. तिचें मर्म असें कीं, सर्वांस सारखा वेळ द्याल तर फळ विषम येईल. फळ सारखें यावें असें वाटत असेल तर वेळ ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें द्या. आपण पहिला मार्ग धरला आणि त्यास समता हें नांव दिलें.

आपल्या देशांतही याविषयीं कोणी बोललें नाहीं असें नाहीं. १९०२ च्या विद्यापीठ आयोगानें सांगितलें कीं, येथें अध्यापन परीक्षेचें दास झालें आहे. राधाकृष्णन् आयोगानें १९४९ सालीं सांगितलें कीं, विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षांची सुचवावी लागेल. कोठारी आयोगानें (१९६४-६६) मूल्यमापन हें सतत चालणारें असावें, आणि त्यानें विद्यार्थ्याची प्रगति केवळ मोजूं नये तर वाढवावी, असा अभिप्राय दिला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे याच जिल्ह्यांतील, आजरा तालुक्यांतील बहिरेवाडीचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तेंच पुन्हां म्हटलें. शंभरांहून अधिक वर्षें आपण एकच निदान करीत आहों. औषध मात्र कपाटांतच आहे.

औषधाचा गुण येतो याला पुरावा काय, असें कोणी विचारील. आणि त्यानें तें विचारावेंच. २००६ सालीं रोडिगर व कार्पिक या अमेरिकन संशोधकांनीं विद्यार्थ्यांस कांहीं उतारे वाचावयास दिले. कांहींनीं ते पुन्हां पुन्हां वाचले. कांहींनीं एकदां वाचून, मग न पाहतां काय आठवतें तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. एका आठवड्यानें विचारलें तेव्हां आठवून लिहिणारे पुढें गेले. म्हणजे प्रश्नास उत्तर देणें ही शिकून झाल्यानंतरची कवाईत नव्हे. तें स्वतःच शिकणें आहे. पोथीचें पारायण करून डोळ्यांस जी ओळख पटते तिला आपण ज्ञान समजतों, आणि परीक्षेच्या दालनांत ती ओळख दगा देते.

दुसरा पुरावा आपल्या देशांतील आहे. दिल्लींत सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर मुरलीधरन, सिंग व गनिमियन या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर कांहीं मुलांस सोडतीनें अशा केंद्रांत प्रवेश मिळाला, जेथें संगणक प्रत्येकाची पातळी ओळखून त्या पातळीचे प्रश्न विचारी. साडेचार महिन्यांत गणितांत व हिंदींत त्या मुलांनीं इतरांहून स्पष्ट आघाडी घेतली, आणि जीं मुलें मुळांत मागें होतीं त्यांची प्रगति, इतरत्र त्यांची जी होत असे तिच्या मानानें, सर्वांत मोठी ठरली. कारणही त्याच प्रयोगांत दिसलें. सहावींत बसलेलें मूल सरासरीनें गणितांत आपल्या इयत्तेच्या दोन-अडीच वर्षें मागें होतें. पाठ्यपुस्तक मात्र सहावीचेंच चाललें होतें. येथें विक्रेत्यांच्या जाहिरातींत न येणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या केंद्रांत निम्मा वेळ संगणकापुढें आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटांत माणसापुढें जात असे. यंत्रानें एकट्यानें हा पराक्रम केला असें जो सांगतो तो माल विकीत आहे.

यावरून आमच्या व्यवसायबंधूंच्या पहिल्या आक्षेपास उत्तर मिळतें. 'यंत्र गुरूची जागा घेणार' असें ते म्हणतात. आम्ही विचारतों, कोणत्या गुरूची? शंभर-सव्वाशें विद्यार्थ्यांपुढें एक व्याख्यान देऊन, हजेरी घेऊन निघून जाणाऱ्याची जागा तर ध्वनिमुद्रिकाही घेऊं शकली असती. ज्यास प्रत्येक विद्यार्थ्याची अडचण जाणून घ्यावीशी वाटते, परंतु सव्वाशें वह्या रोज तपासणें ज्याच्या आवांक्याबाहेरचें आहे, त्या गुरूचें हें यंत्र शत्रु नव्हे, लेखनिक आहे. सकाळीं वर्गांत जाण्यापूर्वीं त्याच्या हातीं असा कागद पडतो कीं, अमुक चाळीस जण पाया बदलल्यावर चुकतात, अमुक पंधरा जणांस दशांशच येत नाहींत. मग त्या तासास काय शिकवावें हें त्यास अंधारांत चांचपडावें लागत नाहीं. जो शिक्षक हा कागद न वाचतां तसाच बाजूस ठेवील त्याच्या हातीं उत्तम यंत्रही व्यर्थ होय.

दुसरा आक्षेप कवितेचा. 'चार पर्यायांत केशवसुतांची कविता बसवाल काय?' बसविणार नाहीं, आणि कोणीं बसवूंही नये. ज्या विषयांत पायऱ्या आहेत, म्हणजे एक कल्पना पक्की झाल्यावांचून दुसरी उभी राहत नाहीं, तेथेंच ही चांचणी शोभते: गणित, संख्याशास्त्र, हिशेबनिशी, रसायनांतील समीकरणें, व्याकरण. काव्याचा आस्वाद, इतिहासांतील कार्यकारणाचा विचार, स्वतःचें मत सुसंगत मांडणें, यांची पारख माणसानेंच माणसाचें लेखन वाचून करावी. उलट आमचें म्हणणें असें कीं, यंत्रानें पायऱ्यांचें काम उचललें तर अध्यापकास निबंध वाचण्यास वेळ तरी मिळेल.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून त्याचें उत्तर शब्दांनीं देतां येत नाहीं. उचगांवांतील घराघरांतून भ्रमणध्वनि पोंचला, परंतु पुष्कळ घरीं तो एकच असतो; तो वडिलांबरोबर कामावर जातो, आणि रात्रीं परत येतो तेव्हां दोन-तीन भावंडांचा त्यावर हक्क असतो. अशा मुलास 'घरीं चांचणी सोडवून ये' म्हणणें ही थट्टा होय. त्यासाठीं महाविद्यालयानें आपली संगणकशाळा सायंकाळीं उघडी ठेवली पाहिजे, आणि ग्रामपंचायतीच्या वाचनालयांत चार संगणक बसविणें हा खर्च उधळपट्टींत मोडतां कामा नये. शिवाय तत्त्व यंत्रावांचूनही चालतें. १९९५ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या 'प्रथम' संस्थेनें मुलांस इयत्तेप्रमाणें न बसवितां त्यांच्या येण्या-न येण्याप्रमाणें गटांत बसवून शिकविण्याची पद्धति रूढ केली. तिला पाटी-पेन्सिल पुरते. वीज गेली म्हणून पारख थांबत नाहीं.

आतां विक्रेते व पालक. यांच्याविषयीं आम्ही थोडें कठोर बोलणार आहों, आणि वाचकांपैकीं पुष्कळ जण दुसऱ्या वर्गांत मोडतात हें जाणून बोलणार आहों. ज्या दिवशीं या चांचणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनांत धरले जातील त्या दिवशीं ती मेली असें समजावें. गुण आले कीं नक्कल आली. उत्तरें सांगणारे मित्र आले, उत्तरें विकणारे आले. ज्या चांचणींत चूक करणें हेंच विद्यार्थ्याचें काम आहे, कारण चुकीवांचून पुढचा योग्य प्रश्न निघतच नाहीं, तींत त्यास चूक लपविण्याचें कारण आपणच पुरविलें. वैद्यापुढें दुखणें लपविणाऱ्या रोग्यास बक्षीस द्यावें, तसलाच हा न्याय. मोजण्याची चांचणी आणि शिकण्याची चांचणी यांचा भेद वर सांगितला तो येथें उपयोगी पडतो. मोजणारीस विद्यार्थ्याचें स्थान हवें असतें. शिकविणारीस त्याचें पुढचें पाऊल हवें असतें. एकाच काठीनें उंची मोजणें आणि तिच्याच आधारानें चालणें हीं दोन्हीं कामें एका वेळीं होत नाहींत.

विक्रेत्यास हें परवडत नाहीं, कारण त्यास पालकांपुढें क्रमांक नाचवावयाचे असतात. म्हणून तो प्रत्येक चांचणीच्या शेवटीं मुलाचा क्रमांक छापतो. पालकही तोच मागतात. मूल घरीं आलें कीं आपला पहिला प्रश्न 'किती पडले?' हा असतो. 'आज कोठें अडलास?' असें विचारणारें घर विरळा. शिवाय मुलाच्या प्रत्येक चुकीची नोंद त्या कंपनीच्या दप्तरांत साठते, ती कोणाच्या हातीं जाईल याची चौकशी करण्याचें आपणांस सुचतही नाहीं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं संमत केला आहे. परंतु जागरूक नागरिकांवांचून कायदा हा कागदच होय.

शेवटीं भाषेचा प्रश्न, आणि आमच्या मतें हाच सर्वांत निकडीचा आहे. अशा चांचण्यांचे जे प्रश्नसंच बाजारांत मिळतात ते बहुतेक इंग्रजींत असतात. गांधीनगरच्या दुकानांत सुट्टींत काम करणारा मुलगा सूट, नफा, मुद्दल, व्याज हीं तोंडानें झरझर मांडतो. तोच प्रश्न इंग्रजींत वाचून तो चुकतो, आणि यंत्र त्यास शेकडेवारी येत नाहीं असें समजून चौथीच्या पायरीवर नेऊन बसवितें. यंत्रानें मोजलें इंग्रजी आणि नांव घेतलें गणिताचें! ज्या चांचणीचा सारा अभिमान अचूक निदानाचा, तीच अशा वेळीं धडधडीत खोटें निदान करते. म्हणून मराठींतील प्रश्नसंच हा भाषाभिमानाचा विषय नसून शास्त्राचा विषय आहे. हें काम विक्रेत्याचें नव्हे. तें विद्यापीठांचें व अध्यापकांचें आहे. उचगांवापासून कांहीं मैलांवरच शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून उभें आहे. त्याच्या परिसरांतील महाविद्यालयांत गणित, वाणिज्य, विज्ञान मराठी मुलांस शिकविणारे अध्यापक आहेत. मुलें कोठें व कशीं चुकतात हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक आहे? प्रत्येकानें आपल्या विषयांतील नेहमींच्या चुका आणि त्या चुका उघड करणारे प्रश्न लिहून काढले, तर एक-दोन वर्षांत असा संच तयार होईल कीं जो कोणाही कंपनीस पैसे देऊन मिळणार नाहीं. तो सर्वांस मोफत असावा, आणि त्याच्या माथ्यावर एकच अट असावी: याचे गुण कोठेंही धरले जाणार नाहींत.

राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा हुकूम काढला. ज्यांस शाळेचा उंबरठा ठाऊक नव्हता त्यांच्यासाठीं दार उघडलें. तें दार उघडून शंभरांवर वर्षें लोटलीं. आंत आलेलें मूल कोणत्या पायरीवर उभें आहे, हें पाहण्याचें काम मात्र आपण अद्याप अंगावर घेतलेलें नाहीं. वरच्या पायरीवरून त्यास हांक मारतों, आणि तें आलें नाहीं म्हणजे त्याच्या नांवापुढें शून्य मांडतों. आतां त्याची पायरी दाखविणारा दिवा हातीं आला आहे. तो दिवा घेऊन खालीं उतरावयाचें कीं त्याच्याच उजेडांत आणखी एक गुणपत्रक लिहावयाचें, याचा निर्णय यंत्र करणार नाहीं. तो अध्यापकांनीं आणि पालकांनीं करावयाचा आहे.